पिवळे, निळे आणि माझे काळे

६ जानेवारी, सकाळी १०.१५

तीन नंबरची टाकी आंबली. वर्ष सुरू होऊन सहा दिवस झाले आणि ही दुसरी. झाकण उघडलं आणि नाकाने तिथल्या तिथे निकाल दिला. लॅबचा रिपोर्ट येईल दुपारी, सावकाश. सत्तावीस वर्षं या शेडमध्ये काढली आहेत. या प्लँटमधलं सगळ्यात जुनं चालू उपकरण म्हणजे माझं नाक.

माझं काम खरं तर सरळ आहे. शेड एक. टाकीत मळी, मळीत यीस्ट, यीस्ट साखर खातं आणि स्पिरिट देतं. मध्येच कुठून तरी परके जिवाणू घुसतात, फुकटात साखर खातात, ॲसिड सोडतात आणि यीस्ट हातपाय गाळून बसतं. चाळीस हजार लिटर गटारात.

कुठून घुसतात ते मला पक्कं माहीत आहे. शेड दोनमधून. तिथे हेच पाप मुद्दाम पाळतात. टाक्यांत जिवाणू वाढवायचे, त्यांच्याकडून लॅक्टिक ॲसिड काढून घ्यायचं आणि विकायचं. माझ्याकडचा चोर तो तिथला नोकर.

आणि शेड दोनचा प्रमुख कोण, तर हसऱ्या. माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बारा वर्षांपूर्वी मीच त्याला इथे चिकटवला. शिफारसपत्रात ‘मेहनती’ असं लिहिलं होतं. तेव्हा वाटलं होतं, हा शब्द निरुपद्रवी आहे.

३१ मार्चला मोठे साहेब रिटायर होताहेत. खुर्ची एक, दावेदार दोन. मी छपन्न वर्षांचा आहे. पुढच्या वेळी ही खुर्ची रिकामी होईल तेव्हा मी घरी बसलेला असेन. म्हणून ही वही. फक्त माझ्यासाठी. संकल्प: जिवाणूंचा नायनाट. हसऱ्याच्या चुका रोज टिपणे. कोणावरही न चिडणे.

६ जानेवारी, संध्याकाळी ५

मिशीवाल्या ऑपरेटरवर चिडलो. मोजायचं नाही. संकल्प उद्यापासून धरतात.

८ जानेवारी

सकाळी शेड दोनला जाऊन आलो. रोजच जातो. एक तर पाळत ठेवायला. दुसरं म्हणजे त्यांचा चहा. आमच्या शेडचा चहा कुठे संपतो आणि मळी कुठे सुरू होते ते कळत नाही.

दोन शेडच्या मध्ये एक बुटका बाक आहे. अलीकडे पिवळे गमबूट, पलीकडे निळे. बाकावर बसायचं, पिवळे काढायचे, पाय उचलून पलीकडे टाकायचे, निळे चढवायचे. मोजा जमिनीला टेकता कामा नये. एकीकडची घाण दुसरीकडे जाऊ नये म्हणून. भिंतीवर नियम लावलाय, खाली माझी सही. अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिला. आजही वाचला की भाषा चांगली वाटते.

मला स्वतःला बाकाची गरज नाही. माझ्या डाव्या टाचेचं हाड वाढलंय. बाजारातल्या मोच्याकडून खास बूट करून घेतलेत, आत जाड गादी, बाहेर दुहेरी शिवण. रंग काळा. नियमात पिवळ्यांचा उल्लेख आहे, निळ्यांचा आहे, काळ्यांचा कुठेच नाही. मीच लिहिलाय, मला माहीत. डॉक्टर म्हणाले होते की कुठल्याही बुटात मऊ गादी टाकली तरी भागेल. डॉक्टरांचं काय जातंय बोलायला. टाच माझी आहे.

हसऱ्या बाकावर बसून बूट बदलत होता. मला बघून हसला. नोंद: कामाच्या वेळेत हसणे.

१३ जानेवारी

मीटिंग. पाच नंबरची टाकीही गेली. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की शेड एकमध्ये चाललंय काय. मी सांगितलं, अँटिबायोटिक टाकू. साहेब म्हणाले, आपलं वाळवलेलं यीस्ट ज्यांच्या जनावरांना खाद्य म्हणून जातं त्यांनी अँटिबायोटिक चालणार नाही म्हणून लेखी कळवलंय, आणि ते पत्र तुमच्याच टेबलावर आहे. असेल. माझ्या टेबलावर पुष्कळ पत्रं आहेत.

तेव्हा लॅबच्या बाईंनी तोंड उघडलं. या बाई म्हणजे चष्मा, पांढरा कोट आणि शंका. त्या म्हणाल्या, जिवाणूंनाही रोग होतात. जिवाणूंना मारणारे विषाणू असतात, फेज म्हणतात. एक फेज जिवाणूत शिरतो, आतून त्याचा फडशा पाडतो, शंभर होऊन बाहेर पडतो आणि ते शंभर पुढच्या शंभरांना गाठतात. यीस्टला हात लावत नाहीत, माणसालाही नाही. फक्त भारी चिकित्सक. ज्या जातीचा जिवाणू खातात तोच खातात, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मी म्हणालो, अगदी आमच्या सासूबाई. हसऱ्या हसला. म्हणजे माझ्या विनोदावर हसण्याचा अधिकार त्याने घेतला आणि बाईंनी मात्र माझ्याकडे नुसतं पाहिलं.

कल्पना वाईट नाही. माझ्याही मनात असंच काहीसं येत होतं.

१४ जानेवारी

पाळत ठेवायला शेड दोन. त्यांच्या बीजटाकीवर गेलो. बीजटाकी म्हणजे जिथे जिवाणू आधी थोडे वाढवतात आणि मग मोठ्या टाक्यांत सोडतात. वर लोखंडी जाळी आहे, जाळीवर उभं राहिलं की टाकी बरोबर पायाखाली. झाकण उघडून वास घेतला. वास चांगला होता. दुर्दैव.

तिथून तसाच आमच्या शेडला येऊन आमच्या बीजटाकीच्या जाळीवर उभा राहिलो आणि झाकण उघडून वास घेतला, तुलनेसाठी. बूट ओले होते, दोनचार थेंब खाली गेले. मिशीवाला म्हणाला, साहेब, थेंब पडताहेत. मी म्हणालो, चार हजार लिटरच्या टाकीत चार थेंब पडल्याने काय होतं? गप्प बसला. शिकतोय.

१७ जानेवारी

एक नंबर आंबली. संताप. हसऱ्याचे लोक बूट न बदलता हिंडतात, दुसरं काय! मोठ्या साहेबांना तीन पानी पत्र लिहिलं. ‘काही व्यक्ती’ असा शब्द वापरला, म्हणजे कोणाचं नाव घेतलं असं होत नाही आणि कळायचं त्यांना कळतं.

बायको म्हणाली, अहो, जावईमाणूस आहे, घरात तोंड दाखवायचंय. मी म्हणालो, मीही जावईच आहे. ती म्हणाली, तेच तर.

२२ जानेवारी

लॅबमध्ये बोलावणं. बाईंनी फेज शोधले. आमच्या आंबट टाकीतले जिवाणू त्यांनी काचेच्या बशीत वाढवले होते, सगळी बशी साय धरल्यासारखी पांढुरकी. त्यावर गटाराचं गाळलेलं पाणी थेंब थेंब टाकलं. दुसऱ्या दिवशी जिथे थेंब तिथे स्वच्छ गोल भोक. जिवाणू साफ. डोळ्यांत पाणी आलं. लॅबमधल्या स्पिरिटच्या वाफेने.

गटार कुठलं विचारलं. शेड दोनच्या मागचं! मांडीवर थाप मारली. हसऱ्याच्या गटारातून माझं औषध! बाई म्हणाल्या, एवढं हसण्यासारखं नाही, त्या गटारात हा फेज का सापडला याचा विचार करा. केला. गटार घाण आहे म्हणून सापडला. नोंद: हसऱ्याचं गटार घाण.

२४ जानेवारी

बाईंना आठ दिवस हवेत. कशाला? तर जुळणी करायला. म्हणजे हा फेज शेड दोनच्या कामाच्या जिवाणूंनाही खातो का ते बघायचं. २ फेब्रुवारीला कंपनीचे वरचे लोक येणार आहेत आणि यांना आठ दिवस हवेत.

बाई म्हणाल्या, आंबवणारे जिवाणू शेड दोनमधून येतात असं तुम्हीच तीन पानं लिहिलंत ना? ते खरं असेल तर हा फेज शेड दोनच्या टाक्याही खाणार. खोटं असेल तर काळजी नाही. तर मग खरं की खोटं, तेवढं सांगा. मी सांगितलं, हसऱ्याच्या बाबतीत खरं आहे आणि फेजच्या बाबतीत खोटं आहे. बाईंनी चष्मा काढून पुसला. बाईमाणसाला तर्काने गप्प करणं सोपं नसतं, पण जमलं.

शेवटी एक कागद पुढे केला. ‘जुळणी न करता वापर, जबाबदारी माझी.’ सही ठोकली. माझी सही चांगलीच येते.

वर तोंडी सूचना: फेज टाकणाऱ्या माणसाने नंतर ब्लीचच्या ट्रेमध्ये दोन मिनिटं बूट बुडवून उभं राहायचं. आणि शेड दोनकडे पंधरा दिवस फिरकायचं नाही. बरं म्हणालो.

२८ जानेवारी, सकाळी ९

माझी फेज योजना सुरू. स्वतःच्या हाताने टाकला. मिशीवाला टाकतो म्हणत होता, पण इतिहासात मिशीवाल्याचं नाव जायला नको. ओतताना थोडा बुटांवर सांडला. ब्लीचमध्ये उभा राहणार होतो, पण ब्लीचने दुहेरी शिवण उसवते आणि मोची आता गावाला गेलाय.

३० जानेवारी

दोन नंबरची टाकी आंबू लागली होती. आंबणं थांबलं! ॲसिडचा आकडा जागच्या जागी. यीस्ट पुन्हा उसळतंय, वरून फेस. झाकण उघडून वास घेतला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा झाकण लावावंसं वाटेना.

२ फेब्रुवारी

वरचे लोक आले. मी बोललो, पंचेचाळीस मिनिटं. माझी फेज योजना, माझं निरीक्षण, माझी चिकाटी. बाई मागे बसल्या होत्या. कोणी तरी प्रश्न विचारला तेव्हा उत्तर त्यांनी दिलं, आगाऊपणा. शेड एक, सगळ्या टाक्या चांगल्या, स्पिरिट नेहमीपेक्षा जास्त. मोठे साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, शाबास. हसऱ्यानेही हात पुढे केला आणि म्हणाला, दादा, खरंच कमाल केलीत. त्याचा हात कोरडा होता. जळणाऱ्या माणसाचे हात कोरडे पडतात असं मला वाटतं.

खुर्चीचं माप घेतलं. म्हणजे सहज साहेबांच्या केबिनमध्ये कोणी नसताना बसलो. उंची थोडी कमी करावी लागेल.

३ फेब्रुवारी

शेड दोनला गेलो. पंधरा दिवस जायचं नाही हे बाईंचं म्हणणं सामान्य माणसांसाठी आहे. आणि आज गेलो नसतो तर काल जिंकल्याचा उपयोग काय? आमच्या टाकीवरून थेट त्यांच्या टाकीवर. जाळीवर उभा राहून, झाकण उघडं ठेवून हसऱ्याला अर्धा तास फेज म्हणजे काय ते समजावलं. तो सारखा माझ्या बुटांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, दादा, तेवढं बाकावरून आला असतात तर... मी म्हणालो, नियम मला शिकवतोस? भिंतीवर सही कोणाची आहे? तो हसला, पण नेहमीचं नाही, अर्धंच.

चहा दोन कप.

६ फेब्रुवारी

बातमी! शेड दोनची बीजटाकी मंदावली आहे. जिवाणू वाढेनात. हसऱ्या सकाळपासून टाकीजवळ उभा. मी मुद्दाम जाऊन विचारपूस केली. असं असावं माणसाने, शत्रूच्या वाईट काळात चौकशी करणारं. बीजटाकीत डोकावलो. जिथे गढूळ पाहिजे तिथे निवळशंख पाणी. वास शून्य. आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

तिथून पुढे मोठ्या टाक्याही बघून घेतल्या. एक, दोन, तीन, चार. प्रत्येकीच्या जाळीवर उभा राहून, झाकण उघडून. निष्काळजीपणा कुठे झाला असेल याचा अंदाज घेत.

९ फेब्रुवारी

शेड दोन, एक नंबर निवळली. दोन नंबर निवळली. नोंदींची वही अपुरी पडतेय.

त्यांची माणसं विचित्र वागायला लागली आहेत. मी लांबून दिसलो की एक जण शिट्टी वाजवतो आणि बाकीचे धावत जाऊन टाक्यांची झाकणं बंद करतात. हसऱ्याने फितवलेली दिसतात.

मिशीवाला म्हणाला, साहेब, तुम्ही ज्या टाकीवर जाता ती टाकी दोन दिवसांनी जाते, असं तिकडे बोलतात. मी म्हणालो, यालाच अनुभवी नजर म्हणतात, बिघडणारी टाकी मला आधीच ओळखू येते.

१२ फेब्रुवारी

चारही गेल्या. शेड दोन बंद. ॲसिडचा माल वेळेवर गेला नाही म्हणून साहेबांना वरून फोनवर फोन. हसऱ्या तीन दिवस इथेच मुक्कामाला. मेहुणी आमच्याकडे येऊन रडली. भाऊजी, यांची नोकरी जाईल का हो, म्हणाली. मी म्हणालो, चौकशी निष्पक्ष व्हायला हवी. बायकोने माझ्यापुढचं ताट उचललं. माझं जेवण व्हायचं होतं.

वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण हसऱ्या हसायचा थांबलाय हे डोळ्यांपुढे आणलं की भूक लागते.

१४ फेब्रुवारी

मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि मागणी केली: प्लँटमधल्या प्रत्येक माणसाच्या बुटांची तपासणी. कापसाच्या काडीने तळवे, शिवणी, सगळं पुसून लॅबमध्ये द्या. कोण बूट न बदलता हिंडतं ते एकदाचं कळू दे. आणि ज्याचे बूट दोषी निघतील, मग तो कितीही मोठा असो, कोणाचाही नातेवाईक असो, त्याने वर्षभर बाकाशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे बूट तपासायचे. लेखी दिलं. हसऱ्याकडे बघत सही केली.

बाई म्हणाल्या, अतिशय योग्य सूचना आहे. पहिल्यांदाच माझ्याशी सहमत. मान खाली घालून लिहून घेत होत्या. वरमल्या असाव्यात.

१७ फेब्रुवारी

तपासणी. एक्केचाळीस जोड. बाईंनी माझे सगळ्यात शेवटी मागितले. मी सांगितलं की यादीत पिवळे आणि निळे असं आहे. मोठे साहेब म्हणाले, काढा हो. मोज्याला भोक होतं. सगळ्यांनी पाहिलं. कोणी जमिनीकडे पाहिलं, कोणी छताकडे, हसऱ्याने मात्र स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. अपमान करण्याच्या त्याच्या पद्धती मला पाठ आहेत.

बाईंनी शिवणीत काडी घालून दोन वेळा फिरवली. बाकीच्यांची एकदाच.

२३ फेब्रुवारी, सकाळी ११

रिपोर्ट. पहिलं वाक्य: शेड एकच्या टाक्या आंबवणारे जिवाणू आणि शेड दोनचे कामाचे जिवाणू एकाच जातीचे आहेत.

मी टेबलावर मूठ आपटली. म्हणालोच होतो! तीन पानं लिहिली होती! साहेब म्हणाले, पुढे वाचू दे त्यांना.

२३ फेब्रुवारी, दुपारी ३

चाळीस जोड निर्दोष. एक जोड दोषी. डाव्या बुटाच्या शिवणीत शेड दोनचे जिवाणू, जिवंत. उजव्या बुटाच्या शिवणीत शेड एकमध्ये टाकलेला फेज, तोही धडधाकट. बाईंनी वाचून दाखवलं, आवाज न चढवता. पुढे तारखा. कोणत्या दिवशी मी कोणत्या जाळीवर उभा होतो आणि कोणती टाकी किती दिवसांनी गेली. शेड दोनची माणसं तारखा लिहून ठेवत होती. पाळत! माझ्यावर!

म्हणजे त्यांचे जिवाणू मीच माझ्या शेडमध्ये आणत होतो, आणि माझा फेज मीच त्यांच्या शेडमध्ये नेला, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी. चहाला जाता येता.

मी म्हणालो, काळे बूट नियमात नाहीत. साहेबांनी माझा १४ तारखेचा कागद काढून स्वतःसमोर ठेवला.

बाहेर पॅसेजमध्ये हसऱ्या थांबला होता. तीन दिवसांची दाढी. म्हणाला, दादा, चहाच हवा होता तर एकदा सांगायचं होतंत. रोज इकडे पाठवला असता.

एवढंच बोलला आणि गेला. ओरडला असता तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

२४ फेब्रुवारी

रजा. टाच दुखतेय.

२६ फेब्रुवारी

रजा. काल मेहुणी आली होती. मी आतल्या खोलीत. कान देऊन ऐकलं. ती बायकोला सांगत होती की शेड दोनचा वॉल्व्ह खराब निघाला, कोणाचीच चूक नव्हती, असं हे म्हणाले. म्हणजे हसऱ्याने घरी माझं नाव घेतलं नाही. एवढा दुष्टपणा! आता जन्मभर त्याचे उपकार उरावर घेऊन त्याच्यासमोर जेवायला बसायचं.

ती गेल्यावर बायको आत आली. म्हणाली, वॉल्व्ह कुठे आहे ते बघू, पाय वर करा. मी पाय वर केला नाही.

११ मार्च

शेड दोन अजून धुताहेत. भिंती, जाळ्या, पाइप, सगळं. बाईंनी दुसऱ्या जातीचे जिवाणू शोधलेत, माझा फेज ज्यांना शिवतही नाही असे. शेड एकमध्ये फेज चालूच आहे, फक्त कागदावर आता ‘बाईंची फेज योजना’ असं लिहितात. मिशीवाला टाकतो. टाकून झाल्यावर ब्लीचमध्ये दोन मिनिटं उभा राहतो, घड्याळ बघून.

माझे बूट बाईंनी लॅबच्या मोठ्या कुकरमध्ये घातले. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. बाहेर आले तेव्हा पाचवीतल्या मुलाच्या मापाचे. गादी आतल्या आत गोळा झाली होती. घेऊन जाता का विचारलं. नको म्हणालो.

३१ मार्च

साहेबांचा निरोप. हार, भाषणं. खुर्ची हसऱ्याला. टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांपेक्षा एक जास्तच वाजली, कारण सगळे थांबल्याचं मला कळलं नाही. माझ्याबद्दल तो भाषणात दोन वाक्यं बोलला: मला इथे दादांनी आणलं. शिफारसपत्र अजून जपून ठेवलंय.

१४ फेब्रुवारीची माझी सूचना मंजूर झाली आहे. उद्यापासून.

४ एप्रिल, सकाळी ७.४०

बाकाशेजारी. स्टूल मिळालंय. खुर्ची मागितली होती, जागा अरुंद आहे म्हणाले. हातात यादी. डोक्यावर भिंतीवरचा नियम, माझ्याच सहीचा. त्यात बाईंनी पेनने एक ओळ वाढवली आहे: ‘रंग कोणताही असो.’ भाषा साधारण.

चार दिवसांत चारशेच्या वर जोड बघितले. सगळे बसतात, काढतात, पाय पलीकडे टाकतात, चढवतात. कोणाचाच मोजा टेकत नाही. अकरा वर्षं हे लोक असंच करत होते म्हणे. मी कधी थांबून बघितलंच नव्हतं.

आता हसऱ्या आला. नवा साहेब. बाकावर बसला, पिवळे काढले, निळे चढवले. मी यादीत खूण केली. तो माझ्या पायांकडे बघत होता. मला कंपनीचे गमबूट दिलेत, पिवळे, नऊ नंबर, आत मऊ गादी. विचारलं, दादा, टाच कशी आहे? मी म्हणालो, फार दुखते, पण काय करणार. तो म्हणाला, उद्या पायाखाली घ्यायला पाट पाठवतो. आणि आत गेला. पाच मिनिटांत शेड दोनचा चहा आला. कपावर बशी झाकलेली.

चहा प्यायलो. नोंद करायला काही नाही.

टाच दुखत नाही. चार दिवस झाले हे बूट घालून, एकदाही दुखली नाही.